नदीकडच्या खोलीतली जागा

शांघाय
१० डिसेंबर १९८९

चि. सौ. युएचिनला जिनदीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला लांबण लावता येत नाही, म्हणून आधीच सांगते, तुझ्या शुएलियानला ठेवून घेणं जमणार नाही. तुमच्यासारख्या, सरकारने शिनज्यांगला शेतीवर पाठवलेल्यांच्या एका लेकराला आता शांघायला परतता येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण घरच्यांनी जागा देतो म्हणायला हवं ना? जागा कुठाय?

गोऱ्यांनी बांधलेली, नदीकडे तोंड केलेली इमारत म्हणून तुझ्या तिकडच्या मैत्रिणींना कौतुक. त्यांना सांग, साहेबाच्या जेवणघराचे फळ्या मारून दोन भाग केलेत. छतावरचं चुन्याचं फूल अर्धं आपलं, अर्धं शेनकाकूंचं. आपल्या अर्ध्यात खिडकीशी आई, दाराशी मी, माळ्यावर गेनफू आणि त्याची बायको. गेनफू म्हणतो, पोरीचं नाव या खोलीवर चढलं की उतरायचं नाही, उद्या नवरा आणेल. आपल्या भावाचं बोलणं कडू आहे, खोटं नाही.

आई आता उठत नाही. होड्या बघत पडून असते. काही विचारलं की डोळे मिटते.

कळावे. लोभ ठेव, त्याला जागा लागत नाही.

तुझी,
जिनदी


शिनज्यांग
२८ डिसेंबर १९८९

ती. ताईस युएचिनचा सा. न. वि. वि.

नाही म्हणालीस, ठीक. गोड बोलली असतीस तर जास्त घाबरले असते. गेनफूवर राग नाही. मी निघाले तेव्हा स्टेशनवर माझं बोट सोडत नव्हता.

मला रजा नाही. शुएलियानला तरी जानेवारीअखेर आपल्या नव्या वर्षाला येऊन जाऊ दे. सोळाची झाली, आजी फक्त फोटोत पाहिलीय. पाहुणी म्हणून येईल, पाहुणी म्हणून परतेल. मनुका आणि सुकं मटण पाठवते. वासाने गेनफूची बायको नाक धरेल, तिला आग्रह करू नकोस.

आईला सांग, मी बरी आहे. तुझा लोभ आहेच, त्यातला थोडा पोरीला दे.

तुझी,
युएचिन


शांघाय
१८ फेब्रुवारी १९९०

चि. सौ. युएचिनला आशीर्वाद.

आई गेल्याची तार मिळाली असेल. सगळं नीट झालं. तारेत मावलं नाही ते लिहिते.

आपल्या मजल्याचं स्वयंपाकघर सहा बिऱ्हाडांचं. सहा दिवे, सहा बटणं, ज्याचा दिवा त्याच्या मीटरवर. दुसऱ्याच्या उजेडात कांदा चिरला तरी भांडण. हे तू विसरली नसशील, लेकीला सांगायला मात्र विसरलीस. नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी ती कणीक तिंबायला गेली, अंधार दिसला, तिने सहाही बटणं दाबली.

शेनकाकू ओरडत धावल्या, मटणखाऊ पोरीने आमची वीज खाल्ली म्हणून. मीही तोंड सोडायला निघाले. दारातच दोघी थबकलो. इतक्या वर्षांत ते स्वयंपाकघर आम्ही कधी अख्खं पाहिलंच नव्हतं. काजळीखाली भिंतभर निळ्या टाइल्स आहेत.

उजेड बोळातून खोलीत शिरला. आईने मान वळवली, कोण आलंय म्हणून विचारलं. पोरगी पिठाच्या हातांनीच धावली. आई तिला म्हणाली, युएचिन, आलीस? ही तिची लेक, असं मी सांगणार, तेवढ्यात पोरगी म्हणाली, आले आई, आता जात नाही.

मग शेवटपर्यंत आईने तिचा हात सोडला नाही. होड्यांकडेही पाहिलं नाही.

गेनफू म्हणाला, म्हातारीचं समाधान झालं, आता पोरीला गाडीत बसव. मी म्हटलं, आईला खोटं सांगून वाटेला लावलं का आपण? तो म्हणाला, पोर बोलली, आपण नाही. मी म्हटलं, मी उभी राहून ऐकलं आणि गप्प बसले, म्हणजे मीही बोलले. आता ते पाळायला नको? तेव्हापासून त्यांची चूल वेगळी. माझ्याशी बोलत नाही. येईल ताळ्यावर, नाहीतर न येवो.

आईमागे घराची कर्ती मी. काल पोलीसचौकीत जाऊन आले. तिथल्या माणसाने आपल्या घरात राहणाऱ्यांच्या नावांची वही काढली. तू गेलीस तेव्हा तुझ्या नावावर मारलेली रेघ अजून ठळक आहे. त्याने खालच्या ओळीत शुएलियानचं नाव लिहिलं. वरची रेघ पुसता येते का, असं मी विचारलं. नाही म्हणाला.

पोरीला पत्र लिहीत जा. माझ्यावर लोभ कमी केलास तरी चालेल.

तुझी,
जिनदी