शून्य डेसिबलचा टप्पा

बाई, आज कॉलेजात माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, जो काहीच वाढवत नाही तो ट्रान्झिस्टर लावायचाच कशाला? मला इतका आनंद झाला की खडू टाकून मी हसतच सुटले. हाच प्रश्न मी तुमच्या वसईच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर सोल्डरिंग करताना विचारला होता. शेजारी कालवण रटरटत होतं.

तेव्हा माझं सगळं त्या अँप्लिफायरवर अडलं होतं. बाबांची अट होती: सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणातल्या मिस्सेच्या प्रार्थनेत, माझ्या यंत्रातून फादरांचा आवाज आमच्या वाडीतल्या विहिरीपर्यंत आला, तरच मी मुंबईला इंजिनिअरिंगला जायचं. नाहीतर डी.एड. यंत्रात एकापुढे एक तीन टप्पे, प्रत्येक आवाज दहापट वाढवणारा. मी गुणाकार करून हजारपट म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, डेसिबलमध्ये बोल, तिथे नुसती बेरीज. दहापट म्हणजे वीस; वीस नि वीस नि वीस, साठ! मी फक्त उड्या मारायची बाकी होते. मग तिन्ही टप्पे जोडून मोजलं, तर अठ्ठेचाळीस. हजाराच्या जागी जेमतेम अडीचशे. मी रडकुंडीला आले. प्रत्येक टप्पा मी सुटा मोजला होता ना. तुम्ही पळी खाली ठेवलीत.

"अगं, सुटं असताना कोणीही जोरात बोलतं. पुढच्याचा भार पडल्यावर मोजायचं."

प्रत्येक सांध्यावर निम्मा व्होल्टेज गळत होता, सहा-सहा डेसिबल. दोन्ही सांध्यांवर तुम्ही एकेक ट्रान्झिस्टर बसवायला लावलात, शून्य डेसिबलचा. तो स्वतः काही वाढवत नाही, फक्त पुढचा भार अंगावर घेतो. पुन्हा मोजलं, काटा साठाला टेकला! तोवर कालवण करपलं होतं, तेही आपण मिटक्या मारत खाल्लं.

सणाच्या दिवशी मी यंत्रापाशी, तुम्ही शेजारी, नजर भाजीच्या वाफ्यांपलीकडे. विहिरीपाशी बाबांची लाल टोपी दिसतेय. फादर भाकर उंच धरून प्रार्थना म्हणतात आणि टोपी डोक्यावरून उतरते, बाबा गुडघे टेकतात. मी तुमचा हात असा दाबला की बांगडी पिचली. त्याच वर्षी मी मुंबईला गेले.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून सांगते. भाकर उंच धरतात त्या क्षणी चर्चची घंटाही वाजते, आणि ती आमच्या विहिरीपर्यंत माझ्या जन्माआधीपासून पोचत होती. टोपी कशामुळे उतरली, हे मी बाबांना कधीच विचारलं नाही.