दुसऱ्यांदा येणारा ताप

म्हैसूर,
१२ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुला आणि सुष्मावहिनींना नमस्कार, पावनीला भरपूर पापे. फोनवर बोलताना आईचे कान इकडेच असतात, म्हणून लिहिते आहे.

इकडे चाललंय. आरोग्य खात्याला दर सोमवारी डेंग्यूचा नवा अंदाज हवा असतो, आणि मला दर सोमवारी सुट्टी हवी असते. कॉम्प्युटरसमोर बसून पाठ मोडते, घरी आले की आईचं औषधपाणी. शेजारच्या वेदवतीबाई सार पाठवतात, तेवढीच माझी चैन.

तू विचारलंस, "पावनीला गेल्या वर्षी डेंग्यू होऊन गेलाय, आता कसली भीती? तुझं गणित काय म्हणतं, आईला भेटायला तिला आणू की नको?" सगळे असंच समजतात. पण डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की तोच सहसा पुन्हा होत नाही. बाकीच्यांपासून मात्र जेमतेम काही महिने आडोसा मिळतो. मग दुसऱ्या प्रकाराने गाठलं, तर ताप पहिल्यापेक्षा वाईट निघायचा धोका जास्त. पावनीला झाला तो पहिला प्रकार. आमच्याकडे आलेल्या नमुन्यांत यंदा दुसरा वाढतोय. आधी येलवालच्या बाजूला होता, आता आपल्या गल्लीपर्यंत आलाय. तुमच्याकडे तो अजून दिसलेला नाही.

माझ्या मॉडेलमध्ये 'एकदा होऊन गेलेले' असा एक कप्पा आहे. त्यात हजारो माणसं मी निर्विकारपणे टाकत आले. परवा तिथे पावनी दिसली आणि मी उठून चहा करायला गेले. बहुतेक मुलं दुसऱ्यांदाही बरी होतात, दादा. गणित गर्दीचं सांगतं, एका मुलीचं सांगत नाही. पण 'बहुतेक'च्या भरवशावर तिला बोलवायची माझी छाती होत नाही.

थंडी पडून डास कमी झाले की आणा, एवढं लिहून थांबणार होते. तू निर्धास्त झाला असतास. पण डॉक्टर म्हणाले, आई थंडीपर्यंत काढेल असं वाटत नाही.

मी फार थकले आहे, आणि हे एकटीने ठरवावं लागतंय याचा रागही येतो. तरी ठरवलंय. तू लगेच ये. एकटा ये.

आईला काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालली होती. शाळा, परीक्षा, काहीतरी. तिने पावनीसाठी रेशमी परकर शिवायला काढलाय. काल टेलरकडे निघताना मी माप विचारलं, तर म्हणाली, "मोठाच शिवू दे की. पोरगी वाढती."

"अगं, आत्ता सैल होईल."

माझ्याकडे न बघता म्हणाली, "इरली बिडु, राहू दे. आत्ता कुठं घालणार हाय ती?"

मी तिला तोवर काहीच सांगितलं नव्हतं.

परकर बुधवारी मिळेल. तो न्यायला ये.

तुझी,
नको म्हणणारी,
विद्या