झुडपात घुसायला कोणी सांगितलं

७ डिसें. १९६१, गुरु.
गुरुजींकडे इंग्रजी. आजचा वाक्प्रचार : बीट अबाउट द बुश. अर्थ, मुद्दा सोडून इकडचं तिकडचं बोलणं. मूळ शिकारीतलं. तिकडे मजूर काठ्यांनी झुडपं बडवून पाखरं उठवत, पकडणारे दुसरे.
मी म्हटलं, हा तर आपला हाका. आपणही भोवतीनंच बडवतो. आत रानडुक्कर असलं तर पोट फाडतं.
गुरुजी हसले. "म्हंजे इंग्रज बी भेतच होता म्हन!"

१० डिसें., रवि.
मुकुटबनच्या रानात पाटलांच्या पाहुण्यांसाठी हाका. माझ्या उजवीकडे शेजारचे सोमाभाऊ. डुक्कर उठेना. पाहुणे मचाणावरून ओरडले, "भोवतीनं काय बडवून राह्यले? आत घुसा!" सोमाभाऊ घुसले. झुडूप हललं, तसा मचाणावरून बार झाला.
डुक्कर नव्हतंच. सोमाभाऊंच्या मांडीचा पार

११ डिसें., सोम.
पाटलांनी बोलावलं. रोज 'नाम्या', आज 'नामदेवराव'. चहा कपबशीत.
"सोमा टाकून आलता. आपल्या मनानं घुसला. तू बाजूले होता, फौजदार तुलेच इचारन." मग लगेच जंगलखात्यातल्या माझ्या नाकेदारीच्या अर्जाचा विषय. रेंजरसाहेबांकडे शब्द टाकतो म्हणाले.
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा प्यालो.

१२ डिसें., मंगळ.
सोमाभाऊंचा पाय कापणार. वहिनी दारात आल्या. "भाऊजी, यायनं थेंब घेतला नोता. तुमी सांगसान नं?"
त्या गेल्यावर आई म्हणाली, "तू कायले मधात पडतं? नोकरी लागू दे आधी."
गुरुजींनी अर्थ अर्धाच सांगितला. भोवतीनं बडवणारा घरी येतो, हे राहिलं.

१४ डिसें., गुरु.
चावडीवर फौजदार, शेजारच्या खुर्चीत पाटील. विचारलं, काय झालं? मी झुडूप किती दाट ते सांगितलं. ऊन कोणीकडून होतं, कोण कुठे उभं होतं.
"लेका, जंगलाचा नकाशा नको काढू. सोमा पेलेला होता का?"
पाटील माझ्याकडे पाहत नव्हते. पान लावत होते.
"नाही," म्हटलं.
पाटलांचा हात थांबला.
"मंग शुद्धीतला मानूस आत कायले घुसला?"
तेवढ्यात पाटील उठले. म्हणाले, साहेब, पानं वाढली असतील, आधी जेवून घ्या. दोघं वाड्याकडे गेले. मला सांगितलं, इथंच बस, हलू नको.
बसलो आहे, वहीत हे लिहीत. पायरीवर वहिनी.
फौजदार येताना दिसताहेत. एकटेच