प्रभाकर वाचतो आहे

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
ठाण्याला लग्न. जेवायला बसलो तर समोरच्या खुर्चीवर वर्तकनगरचा प्रभाकर. एके काळी आम्ही दोघे ब्लॉग लिहायचो आणि एकमेकांचे वाचायचो. अकरा वर्षांनी तोंड दिसलं. तेही जिलबीने भरलेलं. म्हणाला, "काय शास्त्रीबुवा, अजून लिहितोस का?"
अजून! 'अजून तंबाखू खातोस का' याच सुरात. मी मठ्ठा अर्धा टाकून उठलो. संस्कृत शिकवतो म्हणून 'शास्त्री' हे नावही त्यानेच पाडलेलं. ते मात्र अकरा वर्षं टिकलं.

संध्याकाळ.
निश्चय झाला. सूड. शठं प्रति शाठ्यम्. ब्लॉग पुन्हा सुरू करायचा आणि असं लिहायचं, की प्रभाकरला स्वतःच्या नावानिशी खाली कॉमेंट लिहावीच लागेल.
चाणक्याने शेंडी सोडली होती. माझ्या डोक्यावर सोडण्याजोगं काही उरलेलं नाही. सबब चहातली साखर सोडली. प्रभाकरची कॉमेंट येईपर्यंत बिनसाखरेचा चहा. स्वप्नाला सांगितलं. म्हणाली, "अहो, रुसलात प्रभाकरभावजींवर आणि शिक्षा चहाला का?" प्रतिज्ञेचं गांभीर्य घरातल्या माणसांना कळत नाही.

२४ नोव्हेंबर.
बिनसाखरेचा चहा कडू असतो. सूडही कडूच असतो. जमतंय.
पासवर्ड आठवेना. पुण्याला प्राचीला फोन केला. पोटची मुलगी. म्हणाली, "बाबा, ब्लॉग? आता? कोण वाचतं रे? तू रील कर." तरी तिने पासवर्ड बदलून दिला.
'ओसरी' उघडली. शेवटचा लेख २०१४चा. 'आषाढ: एक चिंतन', भाग चौथा. खाली प्रभाकरची कॉमेंट: "छान."
बस. एक शब्द.
त्या काळी आमचा नियम साधा होता. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही. तो लिहायचा, मी खाली तीन परिच्छेद कॉमेंट द्यायचो. मी लिहायचो, तो तीन परिच्छेद द्यायचा. चार भागांच्या चिंतनावर 'छान' म्हणजे रिकामा डबा, आणि तोही न विसळलेला.
त्या दिवशी रागाच्या भरात मी सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी कडक कारवाई केली होती. काय ते आता आठवत नाही. बहुधा अक्षरांचा रंग बदलला असावा.

२६ नोव्हेंबर.
नवी लेखमाला: 'एका माजी मित्रास'. नायकाचं नाव गुप्त ठेवलं आहे. 'व. नगरचे प्र.' असं लिहिलं. तिऱ्हाइताला ओळखणं अशक्य.
पहिला लेख थालीपीठ-प्रकरणावर. २०११, ठाण्याच्या तलावपाळीवर ब्लॉगवाल्यांचा मेळावा. माझ्या आईने केलेली थालीपिठं या गृहस्थाने एकट्याने संपवली. लोण्यासकट. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ब्लॉगवर थालीपिठावर लेख! चाळीस कॉमेंट. आईचं नाव नाही, माझं नाव नाही. फक्त 'एका मित्राच्या डब्यातून'. मित्र!
व्हॉट्सॲपवर 'जुने ब्लॉगकर' हा ग्रुप आहे. प्रभाकरही आहे. तिथे कोणी ब्लॉग लिहीत नाही. सकाळी फुलं टाकतात, रात्री चंद्र. त्यात लिंक टाकली आणि खाली लिहिलं: 'ज्याने त्याने आपापली जबाबदारी ओळखून वाचावे.' तासाभरात एक नमस्काराचा हात आला. भीतीने जोडलेला वाटला.

२७ नोव्हेंबर. सकाळी.
आकडे पाहिले. लेख एका दिवसात सतरा वेळा वाचला गेला!
दुसरा कोण असणार. वाचतोय. पुन्हा पुन्हा वाचतोय. जिव्हारी लागलं आहे.
एक गोष्ट विशेष. मी स्वतः लेख उघडला की आकडा लगेच एकाने वाढतो. म्हणजे मी उघडतो नेमका त्याच क्षणी तोही उघडतो. माणूस पाळतीवर आहे.

२९ नोव्हेंबर.
स्वप्नाला म्हटलं, तूही वाच. तिने फोन पुढे केला. "कुलूप दिसतंय हो." तिचा फोन जुना आहे.
कल्याणच्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना लिंक दिली होती. एका सुरात म्हणाली, "सर, उघडत नाही." दहावीच्या मुलांना गृहपाठाची वहीही उघडत नाही. मुलं संस्कृत मार्कांसाठी घेतात, वाङ्मयासाठी नव्हे.
हरकत नाही. मला एकच वाचक हवा आहे, आणि तो मिळालेला आहे.

१ डिसेंबर.
बिनसाखरेचा चहा आता चक्क गोड लागू लागला आहे. हा तपाचा प्रभाव. प्राचीन ग्रंथांत असे अनुभव नोंदलेले आहेत.
दुपारी शेंगदाण्याचे तीन लाडू खाल्ले. त्यात गूळ असतो. शिवाय प्रतिज्ञा चहापुरती.

३ डिसेंबर.
शत्रूला सर्व बाजूंनी घेरावं म्हणून रील केलं. गॅलरीत उभं राहून डोळे वटारले आणि कृतघ्नतेवर स्वतः रचलेला श्लोक म्हटला. मागे स्वप्ना गवार निवडत होती, ते दिसलं नाही. प्राचीला पाठवलं. तिने हसून रडणारे चेहरे पाठवले आणि विचारलं, "आई किती गोड दिसतेय! बाबा, तू का ओरडतोयस?"
रील हे माध्यम उथळ आहे.

६ डिसेंबर.
सातवा लेख. आत्तापर्यंतचा सर्वांत जहरी. लग्नात प्र. यांच्या केसांचा काळा रंग घामाने ओघळून कॉलरवर उतरला होता, त्याचं दीड पान वर्णन. उपमा नऊ. एक उपमा डांबराची, ती विशेष साधली आहे. वाचताना स्वतःला तीनदा हसू आलं. आकडाही नेमका तीनने वाढला. म्हणजे तो हसत नसणार. रडत असणार.
ग्रुपवर लिंक टाकली. त्याच वेळी कोणीतरी मोसंबीच्या सालीचे उपयोग टाकले. त्यावर अकरा प्रतिक्रिया.

९ डिसेंबर.
अजून कॉमेंट नाही. रोज येतो, वाचतो, तोंड उघडत नाही. अशा माणसाला काय म्हणावं? माझ्याच आईची थालीपिठं खाऊन अंगात इतका निगरगट्टपणा आला कुठून?
तो शरण येईल तेव्हा द्यायचं उत्तर तयार करून ठेवलं. तीन परिच्छेद. पहिल्यात अपमान, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात क्षमा. मग तिसरा काढला. मग परत घातला, पण लहान केला.

११ डिसेंबर. दुपार.
प्रभाकरचा फोन!
पहिल्या रिंगला उचलायचा नाही, असं ठरवलं होतं. उचलला गेला.
म्हणाला, "अरे शास्त्री, रोज लिंक टाकतोयस, उघडतच नाही रे एकही. 'फक्त आमंत्रित वाचकांसाठी' असं येतं. गेली अकरा वर्षं तेच येतंय. मला वाटलं, तू मुद्दाम मला वगळलंस. म्हणून तर लग्नात विचारलं, अजून लिहितोस का. तर तू जेवण टाकून उठलास."
मी म्हणालो, तांत्रिक अडचण असेल.
"आणि त्या आषाढावर 'छान' लिहायला मला अर्धा तास लागला होता, माहितेय?" म्हणाला. "नवीन मोबाइल घेतलेला. मराठी कीबोर्ड सापडेना. रात्री घरी जाऊन कॉम्प्युटरवर सविस्तर लिहायला बसलो, तर तुझ्या दाराला कुलूप."
मी म्हणालो, हं.
त्याचा ब्लॉग आता नाही. ती वेबसाइटच बंद पडली. पडायच्या आधी तुझ्या सगळ्या कॉमेंट उतरवून ठेवल्या, म्हणाला. मी विचारलं, आणि तुझे लेख? "ते राहिले रे. कॉमेंटच जास्त लांब होत्या, त्यातच वेळ गेला." मग म्हणाला, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं. आता स्वच्छ दिसतं. रविवारी सकाळी बसतो आणि एका बैठकीत तुझं सगळं वाचून काढतो. कुलूप तेवढं काढ."
मी म्हणालो, काढतो.

११ डिसेंबर. संध्याकाळ.
सेटिंग सापडलं. 'वाचक: फक्त लेखक.'
म्हणजे त्या सतरा वेळा तो नव्हता.
अर्थात हे मला कुठेतरी जाणवत होतंच.

१३ डिसेंबर.
कुलूप काढायला एक बटण पुरतं. पण काढलं की थालीपीठ दिसणार. डांबर दिसणार. स्वच्छ दिसणार.
पर्याय १: 'प्र.' म्हणजे प्रल्हाद असं सांगायचं. पण व. नगर?
पर्याय २: ही एक काल्पनिक लेखमाला आहे अशी टीप टाकायची. स्वप्नाला विचारलं. म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांच्या शर्टाचा ब्रँडसुद्धा लिहिलाय. मला वाचून दाखवलंत तेव्हाच म्हटलं मी, कुलूप आहे ते बरंय."
तिला कुलूप माहीत होतं. मला सांगितलंही होतं, म्हणे.
एकेक लेख उडवला. डांबराच्या उपमेपाशी हात थांबला. हयातीत अशी उपमा एकदाच सुचते. ती इथे उतरवून ठेवणार होतो, पण ही वहीही कुणाच्या हाती पडायची. उडवली.
मग कुलूप काढलं. सूड घ्यायचा नाही असं ठरवणारा घेणाऱ्यापेक्षा मोठा असतो. कुठे म्हटलंय ते पाहायला हवं. नसेल तर रचायला हवं.

१४ डिसेंबर, रविवार.
सकाळी साडेदहाला कॉमेंट आली. प्रभाकर, स्वतःच्या नावानिशी. आषाढाच्या चौथ्या भागाखाली. पूर्ण तीन परिच्छेद. पहिल्यात चिंतनाची स्तुती, अगदी माझ्या मनातली. दुसऱ्यात आईची आठवण. तिची थालीपिठं, लोण्यासकट. आईचं नाव लिहून.
तिसरा परिच्छेद असा: "पण हे सगळं २०१४पर्यंतचं. मग रोज लिंक टाकत होतास त्या याच जुन्या लेखांच्या? त्यानंतर एक अक्षर नाही? अकरा वर्षांत तुला काहीच सुचलं नाही? आळशी आहेस, शास्त्री. लिहीत जा रे."
तीनदा वाचली. आकडा चारने वाढला.
काही असो, प्रतिज्ञा पूर्ण झाली. स्वयंपाकघरात गेलो. स्वप्नाला सांगितलं, आजपासून चहात साखर घालायला हरकत नाही.
ती म्हणाली, "दुसऱ्या दिवसापासूनच घालतेय. पहिल्या दिवशी तुमचं तोंड बघवेना." आणि कप पुढे केला. "कसा झालाय?"
मी म्हणालो, छान.