सात हात दोर

१२ जानेवारी १९४५, अमरावती

शेजारच्या बापूसाहेब वकिलांची कुंदा साइनच्या नियमाची उदाहरणं दाखवायला आली. एक कोन तीस अंश, त्याच्यासमोरची बाजू सात, दुसरी बाजू दहा; तिच्यासमोरचा कोन काढा. कोष्टक बघून ४५ अंश ३५ कला लिहिलं आणि मोकळी झाली.

"१३४ अंश २५ कला कुठं गेले? साइन दोघांचा एकच. इथं त्रिकोण दोन होतात."

"पण बाई, उदाहरण तुमच्याच जुन्या वहीतलं आहे. तुम्हीही एकच लिहिलंय."

वही घेतली. अक्षर माझंच.

१३ जानेवारी

वही अकोल्याच्या शाळेतली, १९२१ची. हेच उत्तर समोर ठेवून पेपर तपासले होते. पुंजाराम माळ्याच्या शकुननं दोन कोन लिहिले; उत्तर एकच हवं म्हणून मी दोन्हींवर लाल रेघ ओढली. ती टेबलाशी आली. "बाई, दोन होतात. माह्या बाबाचा सात हात दोर खुंटीले बांधून फिरवला, तर वावराच्या धुऱ्याले, बांधाले, दोन जागी लागते."

"वाफ्यातला दोर वर्गात आणू नकोस," मी म्हटलं. वर्ग हसला. तीन मार्कांनी नापास. जूनमध्ये आलीच नाही — लग्न झालं म्हणे.

आणि मला येत होतं! पुण्याच्या कॉलेजात वर्गात आम्ही दोघीच मुली, पहिल्या बाकावर. प्रोफेसर खडूला सुतळी बांधून कंस काढत. कोटाची बाही पांढरी व्हायची. कंसानं रेषा दोनदा कापली की आमच्याकडं वळून म्हणायचे, "दोघीही हजर!" आम्ही पदराआड हसायचो. काय दिवस होते ते. दहा वर्षांत सुतळी विसरले, लाल पेन्सिल तेवढी राहिली.

१४ जानेवारी

तीळगूळ वाटला. गोड बोलवेना.

२१ जानेवारी, अकोला

शकुनचा मळा सापडला. मेथीचे वाफे आखत होती. तेव्हा सांगितला तसाच दोर, तशीच खुंटी. केस पिकलेत.

नवरा उत्तमराव बाजेवर. मास्तरीण आली म्हटल्यावर आधीच सांगून मोकळा झाला — "माणिकले घरी बसवून राहिलो आमी. मायच गणितात नापास, पोरगी काय दिवे लावन?"

मी उभ्यानंच सांगितलं. "ती नापास नव्हती. तिचं बरोबर होतं. चूक माझी."

शकुननं मान वर केली नाही. "चोवीस वर्सं लागले बाई, येक गनित तपासाले?"

उत्तमराव बाजेवर उठून बसला. "म्हंजे तू पास होती? मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?"

माणिकला माझ्याकडं अमरावतीला पाठवा, म्हटलं. शकुननं खुंटी उपटली आणि पुढचा वाफा धरला. चहाही विचारला नाही. बरोबरच.

२ फेब्रुवारी, अमरावती

सकाळी दारात माणिक. एका हातात पेटी, दुसऱ्यात गुंडाळलेला दोर.

"हा कशाला?"

"माय म्हने, बाईले लागन."