स्वर संपेपर्यंत दाबायचं

प्रिय मिएन,

आपल्या गाण्याच्या मंडळात एकमेकींना ताई म्हणायची रीत आहे, वय काहीही असो. आज मी नुसतं नाव लिहिते आहे. तू ते चालवून घेशील. याहून मोठ्या गोष्टी तू चालवून घेतल्या आहेस.

तुझे निरोप मिळाले. सगळे ऐकले. यंदा लिमच्या जत्रेत तुझ्या शेजारी बसून गाईन का, एवढंच तुला विचारायचं आहे, आणि दर वेळी तू ते नव्या तऱ्हेनं विचारतेस. एकदा रडून, एकदा हसून, एकदा आपल्याला गाणं शिकवणाऱ्या आजीची, बा न्युंगची शपथ घालून. मी फोन वाजता ठेवत नाही. तो नुसता थरथरतो. तुझा फोन येतो तेव्हा तो टेबलावर सरकत सरकत चहाच्या पेल्याला जाऊन भिडतो आणि पेला किणकिणतो. काल माझी जाऊ दाव ओरडली, “अगं, उचल तरी तो, नाहीतर नदीत फेक! डब्यात भुंगा कोंडल्यासारखा गुरगुरतोय.” मी मान हलवली. मग तिनंच तो उचलून तांदळाच्या पोत्यावर ठेवला. तिथं तो गप्प झाला. थरथर होतीच, पण पोत्यानं ती गिळली. हे तुला समजावून सांगायला नको. फोनमधली थरथरणारी मोटर कशाला धरून बसते त्यावर सगळं असतं, हे आपण दोघी कारखान्यात एकाच बाकावर शिकलो.

इकडे बरं चाललं आहे. आम्ही तांदळाचे पातळ पापड करतो, रोल गुंडाळायचे. नदीकाठच्या गल्लीत दोन्ही भिंतींना बांबूच्या ताट्या उभ्या असतात आणि त्यांच्यावर पापड वाळतात. ऊन तापलं की ते ताटीवरून सुटताना तडतडतात. माझा नवरा नाव चालवतो. सासू वारली. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम दाव करते, तिला ते आवडतं. एकीनं परवा तिला विचारलं, “तुझी ही जाऊ पूर्वी गायची ना गं?” दाव म्हणाली, “गायची. आता पापड वाळवते. त्यात निदान पोट भरतं.” दोघी हसल्या. मीही हसले.

बा न्युंगच्या घरातला तो एक पलंग तुला आठवत असेल. माझी आई रागावली होती, पोरीला स्वतःचं घर नाही का म्हणून. बा म्हणाली होती, “घर आहे. आवाज नाही. एका उशीवर झोपतील, एकमेकींचा श्वास ऐकतील, तेव्हा आवाज जुळेल.” तू पुढचा आवाज, मी मागचा. तू ओळ उचलायचीस, मी तिच्याखाली शिरायचे. बा पानाचा विडा गालात धरून डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच हातातली सुपारी जमिनीवर आपटायची. “केस गेला. दोघींच्या आवाजांमधल्या फटीतून आत्ता केस गेला. पुन्हा.” ज्या दिवशी सुपारी आपटली नाही त्या दिवशी तिनं आपल्याला एकच विडा दोघींत वाटून दिला. मागच्या आवाजानं कधी एकट्यानं गायचं नसतं, हे तिनंच सांगितलं. तो आवाज एकटा ऐकू आला तर उघडा वाटतो. बाई आतल्या कपड्यांत दारात आल्यासारखा.

मग शेतांवर कारखाना आला आणि आपण दोघी एकाच बसमधून जाऊ लागलो. टोपी, मास्क, मनगटाला तारेचा पट्टा. आपल्या बाकावर फोनचे सांगाडे यायचे. मोटर नाण्याएवढी, चपटी. तिच्या पाठीचा कागद सोलायचा, ती खोबणीत बसवायची आणि अंगठ्यानं दाबून धरायची, चिकट थर पकडेपर्यंत. तिच्या पोटावर दोन बारीक स्प्रिंगा. वरून सर्किटची पट्टी बसली की त्या स्प्रिंगा तिच्यावरच्या सोनेरी ठिपक्यांवर टेकायच्या. सोल्डरचा डाग नाही, तार नाही, नुसतं टेकणं. मोटर सपाट बसली तर वर्षानुवर्षं टेकलेल्या राहतात. जरा तिरपी बसली तर एक टेकते आणि दुसरी टेकल्यासारखी दिसते. तपासणीत फोन थरथरतो, पास होतो. मग रोज थरथरून मोटर स्वतःलाच खोबणीतून थोडं थोडं उचलत जाते आणि एके दिवशी मुकी होते. तिचं कामच तिला उपटतं.

किती वेळ दाबायचं ते भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं होतं, पण दाबताना घड्याळाकडे कोण बघणार? युक्ती तुझी होती. मास्कच्या आत तू गुणगुणायला लागलीस. ओळीच्या शेवटी जो उगीचच लांबतो, ज्याला अर्थ नाही, तो ‘उ-हु-हु’. तो पुरा होईपर्यंत अंगठा उचलायचा नाही. मी तुझ्याखाली शिरले. मग पलीकडच्या बाकावरच्या पोरी आल्या, गाणं न येणाऱ्यासुद्धा. मास्कमुळे कुणाचे ओठ दिसायचे नाहीत. कोरियन साहेब दारात उभा राहून छताकडे बघायचा, पंखा बिघडला की काय म्हणून. त्या दिवसांत आपल्या बाकावरून एकही मोटर सैल गेली नाही. मिएन, मी सुखी होते. तो शब्द मी फार वापरत नाही.

तुला लायनीची प्रमुख केली तेव्हा तू पिवळी पट्टी दंडाला बांधून माझ्यासमोर गिरकी घेतलीस. मी म्हटलं, “आता आम्ही तुला साहेब म्हणायचं का?” तू म्हणालीस, “तू म्हण ना, बघ जीभ कशी तोडते.” महिनाभरात वरून रोजच्या फोनांचा आकडा वाढला. तू बाकाबाकाशी येऊन हळूच सांगितलंस, “अगं, स्वर अर्ध्यावर सोडत जा. तेवढ्यात चिकटतं.” पोरींनी सोडला. मला जमलं नाही. हट्ट नव्हता तो. माझा अंगठा त्या स्वराला बांधलेला होता, आणि बाच्या घरात अर्ध्यावर स्वर सोडला की सुपारी आपटायची. माझ्यापुढे सांगाडे साचू लागले. तू एकदा पाठीमागून म्हणालीस, “लुआ, तू मला बुडवणार.” तुझ्या आवाजात थट्टा होती का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

फोन परत आले तेव्हा पाऊस होता. खोकीच्या खोकी, परदेशातून. मुके. मीटिंगच्या खोलीत साहेब, दुभाषी पोरगी, तू आणि मी. मला वाटलं तू मला साक्षीला आणलं आहेस. तू सांगशील की आकडा वाढला, वेळ कमी केली, कमी करायला मी सांगितलं. किंवा निदान पहिली दोन वाक्यं तरी सांगशील. तू बुटांकडे बघत म्हणालीस, “ही काम करताना गाते. हिचं लक्ष गाण्यात असतं.” दुभाषी पोरीनं तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सांगून टाकलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला नवल वाटलं. त्यानं काहीतरी विचारलं. पोरगी म्हणाली, “साहेब म्हणतात, काय गाता? गाऊन दाखवा.”

मी उभी राहिले. मास्क खाली घेतला. तुझ्याकडे बघितलं. ओळ तू उचलायची होतीस, मिएन. सगळ्या आयुष्यात ओळ तूच उचललीस. एवढ्या खोलीत, एवढ्या माणसांत, तू नुसता पहिला शब्द उचलला असतास, तर मी बाकी सगळं सोसलं असतं. नोकरीसुद्धा, नावसुद्धा. मी थांबले. पोरगी म्हणाली, “गा ना ताई, साहेब थांबलेत.” तू बुटांकडे बघत राहिलीस. मग मी मागचा आवाज एकटा गायले. उघडा. शेवटचा ‘उ-हु-हु’ पुरा केला. साहेबानं टाळ्या वाजवल्या. दुभाषी पोरगी रडत होती, का ते तिलाही माहीत नसेल. त्याच संध्याकाळी मनगटाचा पट्टा काढून दिला आणि घरी आले.

तेटला, नव्या वर्षाच्या सणाला, तू गोड केकांचा डबा पाठवलास, केळीच्या पानात बांधलेले, लग्नात वाटतात तसले, जोडीजोडीनं. दावनं खाल्ले. चांगले होते म्हणाली. मग ऐकलं की तू मंडळाची मुख्य झालीस, जिल्ह्याकडून तुला मान मिळणार आहे, जत्रेत तुझं गाणं ध्वनिमुद्रित करायला माणसं येणार आहेत. आणि ऐकलं की नव्या जोडीदारणीबरोबर तुझा आवाज जुळत नाही. कसा जुळेल? ती पोरगी रात्री आपल्या घरी जाते. तुम्ही फोनवर सराव करता. तुझ्या शेवटच्या निरोपात तू म्हणालीस, “तू नुसती येऊन बस, बाकी मी सांभाळते. जुनं सगळं नदीत सोडून दे.” नदी इथं दारातच आहे, मिएन. सोडायचं असतं तर मला लांब जावं लागलं नसतं.

आता हे पत्र का, फोन का नाही, ते सांगते. पावसाळा संपताना माझ्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली. पण तिच्या शेजारून आवाजाची शीर जाते, तिला धक्का लागला. डॉक्टर म्हणाले, कधीकधी आवाज परत येतो. आला नाही. दाव माझ्या ओठांवरून ओळखते, नवरा डोळ्यांवरून. तुझ्या निरोपांना मी उत्तर दिलं नाही, कारण द्यायला काही उरलेलं नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू मंडळात सांगितलं असतंस, बिचारी लुआ, आवाज गेला, नाहीतर आलीच असती. तेवढ्यासाठी लिहिलं. आवाज असता तरी मी आले नसते. नकार जुना आहे, त्या खोलीतला. आवाज नंतर गेला. जत्रेत तुला कुणी विचारलं, मागचा आवाज कुठे आहे, तर आजाराचं नाव घेऊ नकोस. मी गप्प आहे ते आवाज नाही म्हणून. तू गप्प राहिलीस तेव्हा तुला होता.

जोडी मोडायची रीत आपल्याकडे नाही, म्हणून अजूनही तुझीच,
लुआ