फुंकर

८ डिसेंबर

नाक गळतंय, अंग मोडून आलंय. रजा मागायची कोणत्या तोंडाने? दोघी सिस्टर आधीच रजेवर. गोळी घेतली आणि ड्यूटीवर गेले.

९ डिसेंबर

धानोऱ्याकडच्या खेड्यातून पिंकी आली, अडीच महिन्यांच्या पियुषला घेऊन. आधी साधी सर्दी, मग छातीत घरघर. आता बरगड्या आत ओढल्या जातायत, अंगावर पीत नाही. डॉक्टर म्हणाले, ब्रॉन्किओलायटिस. बारीक श्वासनळ्या सुजून चिकट्याने भरल्यात. यावर जादूचं औषध नाही. ऑक्सिजन, सारखं नाक साफ करणं, आईचं दूध थोडं थोडं नळीने – आणि वाट पाहणं. उतार पडला नाही तर गडचिरोलीला हलवायचं.

सोबत आजी, नीलाबाई. "सुई काऊन नाई देऊन राह्यले जी?" दिवसभर तेच. सांगून सांगून माझी जीभ सुकली.

१० डिसेंबर

पियुषचं नाक साफ करायला गेले, तर नीलाबाई त्याच्यावर वाकलेल्या. नजर उतरवून तोंडावर फुंकर मारत होत्या – आणि स्वतः सर्दीने बेजार! माझा पारा चढला. मोठ्यांची सर्दी चार दिवसांत जाते, लेकराच्या जिवावर बेतते, एवढं कळत नाही? सगळ्या वॉर्डासमोर बोलले. बाहेर व्हरांड्यात बसवलं.

"माहा नातू हाय ना, बाई." एवढंच म्हणाल्या. वाईट वाटलं मला. पण आत घेतलं नाही.

११ डिसेंबर

पियुष थकत चाललाय. ऑक्सिजन वाढवला. ॲम्ब्युलन्स सांगून ठेवली. पिंकी पायाशी बसून नुसती त्याच्या पोटाकडे बघत होती, हलतंय की नाही ते.

मास्क लावून वाकलं की पोरं भेदरतात. रडली की दम आणखी वाढतो. मी तर मास्क काढूनच ठेवते. तोंडाजवळ तोंड नेऊन बोलते, मग निवतात. हे मला जमतं, बाकी काही जमो न जमो. पलीकडच्या खोलीतली दिव्यानी तर माझा आवाज ऐकला की पाय झाडते. जुलाबासाठी आली होती, बरी झाली. वजन भरावं म्हणून ठेवलीय. तिच्याकडे दोन मिनिटं गेलं की शीण उतरतो.

१२ डिसेंबर

ॲम्ब्युलन्स लागली नाही. झोप हवी.

१४ डिसेंबर

पियुष अंगावर प्याला! "पेला जी, सिस्टर," म्हणत पिंकी रडत होती. माझेही डोळे भरले.

नीलाबाई अजून व्हरांड्यातच, थंडीत घोंगडी गुंडाळून. पियुषला दारापर्यंत नेऊन दाखवला. त्यांनी पदर नाकातोंडावर धरला आणि लांबूनच पाहिलं. जवळ या म्हटलं तरी आल्या नाहीत.

१५ डिसेंबर

दिव्यानीची आई कांता सकाळीच दारात. "रातच्यानं दूध पेत नाई. छाती घरघर करून राह्यली." जाऊन पाहिलं. बरगड्या आत ओढल्या जातायत. ऑक्सिजन लावला.

नीलाबाई त्या खोलीत एकदाही गेल्या नाहीत. मी रोज जाते.